पाच दिवसांत दहा थ्रो; पडायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या शहर पुरवणीत 'मुलींनी गिरवले स्वसंरक्षणाचे धडे' या मथळ्याखाली एक मोठं छायाचित्र आलं आहे. शाळेचं नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही. अशी शिबिरं घेणारी ती काही पुण्यातली एकटी शाळा नव्हे. सातवी-आठवीतली एक मुलगी मैत्रिणीला मागे आडवी करते आहे. पाडणारीच्या चेहऱ्यावर हसू. पडणारीचे दोन्ही पाय सुटलेले, मान मागे कलंडलेली, वेणी लोंबते आहे. खाली शाळेच्या आवारातले सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. मजकुरात म्हटलं आहे, 'अवघ्या पाच दिवसांत विद्यार्थिनींनी ज्युदोचे दहा थ्रो आत्मसात केले.' छायाचित्रकाराने क्षण अचूक टिपलाय, त्याबद्दल त्याचं कौतुकच. पण पुढच्या अर्ध्या सेकंदात त्या वेणीवाल्या मुलीचं डोकं कुठे गेलं, हेच माझ्या मनात रविवारभर घोळत राहिलं.

मी शहराच्या मध्यवस्तीत एका जुन्या शाळेच्या सभागृहात ज्युदो शिकवते. त्यामुळे हे पत्र जरा लांबणार, कात्री लावायचा अधिकार आपला आहेच.

छायाचित्रातल्या थ्रोला, म्हणजे पाडायच्या डावाला, ओसोतो गारी म्हणतात. समोरचीची उजवी बाही आपल्या डाव्या हाताने खाली ओढायची, कॉलर धरलेल्या उजव्या हाताने तिचा सगळा भार तिच्याच उजव्या टाचेवर न्यायचा, आपला डावा पाय तिच्या पायाशेजारी बाहेरून रोवायचा आणि उजव्या पायाने तिची मांडी मागून झाडून काढायची. दिसायला अगदी सोपा. गिरकी घ्यावी लागत नाही, कुणाला उचलावं लागत नाही, पाठ द्यावी लागत नाही. म्हणून शिबिरवाले पहिल्याच दिवशी हा दाखवतात. आणि नवख्या मुलांसाठी सगळ्यात धोक्याचा थ्रोही हाच. यात माणूस सरळ पाठीवर जातो, जमीन येताना दिसत नाही, आणि हनुवटी छातीशी घेण्याची सवय हाडात मुरलेली नसेल तर पाठीमागोमाग डोकं आपटतं.

ज्युदो जिथे जन्मला त्या जपानने याची फार मोठी किंमत मोजली आहे. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ र्यो उचिदा यांनी शालेय अपघातांच्या भरपाईच्या नोंदी चाळल्या, तेव्हा १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावल्याचं दिसलं. बहुतेक जण पहिल्या वर्षाचे, म्हणजे ज्युदोचा पोशाख, गी, नुकतेच घालायला लागलेले. कारण बहुतेक वेळा डोक्याची इजा, आणि त्यात ओसोतो गारीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा झटक्याने ताणल्या जाऊन तुटतात आणि आत रक्त साचत जातं. डोकं जमिनीला लागायलाच हवं असंही नाही, मानेला जोराचा हिसका बसला तरी हे होऊ शकतं. मूल उठून बसतं, 'काही नाही झालं' म्हणतं, पाणी पितं, आणि मग डोकं दुखतंय म्हणायला लागतं. तिथल्या पालकांनी २०१० मध्ये संघटना उभारली. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकलेचं शिक्षण सक्तीचं झालं आणि ओरड वाढली. मग शिक्षकांसाठी नियमावल्या आल्या, नवख्यांना कोणता थ्रो कधी शिकवायचा यावर बंधनं आली, आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. थ्रो तेच होते. शिकवण्याचा क्रम बदलला.

फ्रान्समध्ये लाखो मुलं ज्युदो खेळतात. तिथे १९५५ सालापासून कायदा आहे, सरकारी पदविका असल्याशिवाय ज्युदो शिकवता येत नाही. आपल्याकडे एक ट्रॅकसूट, एक शिट्टी आणि फ्लेक्सवर छापलेला ड्रॅगन पुरतो.

आमच्या वर्गात नवीन मूल आलं की कित्येक दिवस त्याला थ्रो दाखवलाच जात नाही. रोज संध्याकाळी तोच प्रश्न, 'ताई, आज थ्रो?' आणि तेच उत्तर. आधी ब्रेकफॉल, म्हणजे इजा न होता पडायचं कसं ते, जपानीत उकेमी. पहिल्यांदा नुसतं पाठीवर झोपून, मग उकिडवं बसून मागे, मग उभ्याने. नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे हनुवटी आपोआप छातीला लागते. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे तिरके, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, मॅटवर जोरात मारायचे आणि श्वास सोडायचा. कोपर टेकवून अंग तोलायचं नाही. हात मागे रोवायचा तर मुळीच नाही. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप मागे जातो आणि मनगट, कोपर नाहीतर गळपट्टीचं हाड जातं. नंतर कुशीवरचं पडणं, शेवटी खांद्यावरून गोल लोळत जाऊन उठणं. हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. त्याचा फोटोही चांगला येत नाही. पालक दारातून डोकावतात आणि 'नुसतं लोळवतायत' म्हणतात. एका आजोबांनी तर फी परत मागितली होती.

या दहा-वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी कुणावर रस्त्यात हल्ला झाला आणि तिने थ्रो मारला, असं मला तरी कळलेलं नाही. न कळो. पण दुचाकीवरून पडलेल्या कितीतरी आहेत. हे पुणं आहे. एक मुलगी, आता इंजिनीअर आहे, पावसाळ्यात म्हात्रे पुलाजवळ गाडी घसरून पडली. ती सांगत होती, 'ताई, मी काही ठरवलंच नाही, खांदा आपोआप आत गेला.' खरचटलं आणि ड्रेस फाटला, एवढंच. तिच्या डोक्यावर हेल्मेटही होतं, हे नमूद करते, नाहीतर काही वाचकांना हेल्मेट न घालण्यासाठी ज्युदोचं निमित्त मिळायचं. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये तर या ब्रेकफॉलवर बेतलेले वर्ग साठी-सत्तरीच्या माणसांसाठी चालवतात, बाथरूममध्ये पाय घसरला तर खुब्याचं हाड वाचावं म्हणून. सदाशिव-नारायणातल्या किती घरांना हे हवं आहे!

माझे वडील पेठेतल्या तालमीतले. थोरा-मोठ्या कुस्त्या त्यांनी कधी मारल्या नाहीत, पण आयुष्यभर पहाटेचा आखाडा चुकवला नाही. मला हौद्यात उतरायला मिळालं नाही. मुलींना तेव्हा तो विषयच नव्हता. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून डावांची नावं पाठ केली, आणि पुढे कॉलेजात ज्युदोचा वर्ग निघाला तेव्हा लक्षात आलं की यातले निम्मे डाव आपल्या ओळखीचे आहेत. धोबीपछाड मारतो तसाच इप्पोन सेओई नागे, समोरच्याचा हात आपल्या खांद्यावरून घेऊन त्याला पाठीवरून पुढे टाकायचं. ढाक ज्याच्या अंगात आहे त्याला ओ गोशी आणि कोशी गुरुमा हे कमरेवरून टाकायचे थ्रो दोन संध्याकाळींत येतात. कलाजंग म्हणजे काता गुरुमा, माणूस आडवा खांद्यांवर घेणं. या काता गुरुमाची कथा मजेची आहे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो तरुणपणी फुकुशिमा नावाच्या एका धिप्पाड सोबत्याकडून सारखे आपटले जायचे. शेवटी त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात हा डाव शोधला आणि फुकुशिमाला खांद्यावर घेतलं. स्वतः लहान चणीचे होते, म्हणून डोकं चालवावं लागलं. १८८२ मध्ये तोक्योतल्या एईशोजी मंदिराच्या आवारात त्यांनी मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन कोडोकान हे ज्युदोचं विद्यालय सुरू केलं. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे डाव सरावातून बाजूला काढले, आणि जे पूर्ण ताकदीने करूनही दोघं उद्या पुन्हा सरावाला येऊ शकतील तेवढे ठेवले. आज कोडोकान ६८ थ्रो आणि जमिनीवरची ३२ तंत्रं मान्य करतं.

फरकही आहेतच. मातीत अंगावर लंगोट, त्यामुळे पकड मनगटाची, मानेची, कमरेची. ज्युदोत जाड सुती जाकीट असतं, अर्धा खेळ बाही आणि कॉलर कुणाच्या हातात आहे यावर ठरतो. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये आपल्या कपिल परमारने ६० किलो गटात कांस्यपदक मिळवलं. ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक, आणि त्याची बातमी आपल्याकडे दोन बोटांएवढी आली होती. दृष्टिहीनांच्या या लढतीत दोघांना आधी एकमेकांची पकड देतात आणि मगच 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', म्हणतात. डोळ्यांचं काम बोटं करतात. समोरच्याचा भार कुठे सरकतोय हे बाहीतून कळतं. माझ्या वर्गात मी डोळस मुलांनाही अधूनमधून डोळे मिटून पकड धरायला लावते.

दुसरा फरक पटाचा. एकेरी पट, दुहेरी पट हे कुस्तीचे प्राण. ज्युदोत पायाला हात घालण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१३ पासून स्पर्धेत पूर्ण बंदी. त्यामुळे क्रीडा गुणांच्या आशेने तालमीतून थेट ज्युदोत आलेली मुलं पहिल्या स्पर्धेत हमखास शिक्षा खातात. गुडघ्याकडे हात जातोच, बिचारे काय करतील.

पण तालमीबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहिते. वस्ताद नव्या पोराला आधी हौदा उकरायला लावायचे. माती मऊ झाली पाहिजे, तीत तेल, ताक, हळद मुरली पाहिजे, मगच अंग टाकायचं. जोर-बैठका आणि मान घट्ट करायचे व्यायाम महिनोन् महिने, आणि डाव कधी दाखवायचा ते वस्ताद ठरवणार. पेव्हर ब्लॉकवर धोबीपछाड मारून दाखव असं कुठल्याही वस्तादाने पठ्ठ्याला सांगितलं नसतं.

आता दहा थ्रोंबद्दल. पाच दिवसांत दहा थ्रोंची नावंही पाठ होत नाहीत. थ्रोचे तीन भाग असतात. आधी तोल घालवायचा, मग आपलं अंग योग्य जागी न्यायचं, मग टाकायचं. पहिल्याला कुझुशी म्हणतात आणि सगळी विद्या त्यात आहे. शिबिरात शिकवतात तो तिसरा भाग, कारण तोच दिसतो. सेओई नागेमध्ये आपली कंबर समोरच्याच्या पट्ट्याच्या खाली गेली पाहिजे, म्हणजे गुडघे खूप वाकले पाहिजेत, आणि त्याआधी तो चवड्यांवर पुढे आलेला पाहिजे. तो टाचांवर उभा असताना ओढाल तर त्याचा सगळा भार तुमच्या कमरेवर आणि गुडघ्यांवर येतो. उचीमाता, म्हणजे दोन मांड्यांच्या मध्ये पाय घालून उडवायचा थ्रो, अर्धवट आला तर टाकणारीच डोक्यावर जाते. मोठ्या स्पर्धांत डोकं खाली रोवून उचीमाता मारणाऱ्याला थेट बाद करतात ते उगाच नाही. तोमोए नागे, स्वतः पाठीवर पडून पाय पोटाला लावून माणूस डोक्यावरून टाकणं, सिनेमात छान दिसतं. आठवीतल्या मुलींना ते दाखवायचं काय कारण?

मला विचाराल तर सगळ्यात सुंदर थ्रो दे आशी बाराई. समोरची एक पाऊल पुढे टाकते आहे, पाय जमिनीला टेकायच्या बेतात आहे, भार अजून पुरता त्यावर आलेला नाही, त्या क्षणी आपल्या तळपायाने तो पाय बाजूला सारायचा. अंधारात जिन्याची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं पडणाऱ्याला वाटतं. ताकद लागत नाही. लवकर मारला तर पाय हलत नाही, उशिरा मारला तर नडगीला लागतं आणि शिव्या बसतात. हा थ्रो यायला वर्षं जातात. कॅमेऱ्यात तो सापडत नाही, फोटोत नुसती एक मुलगी घसरल्यासारखी दिसते.

टाकणारीचीही एक जबाबदारी असते. बाही सोडायची नाही. समोरची पडत असताना तिची बाही वर ओढून धरली की तिची पाठ आधी टेकते आणि डोकं वर राहतं. आमच्याकडे मुलीने बाही सोडली की सराव थांबतो, मग ती कितीही पदकवाली असो. आपल्या छायाचित्रात टाकणारीचे दोन्ही हात मोकळे आहेत. पुन्हा एकदा बघावं.

स्वसंरक्षणाचंच म्हणाल तर मुलींना थ्रोपेक्षा जमिनीवरचं काम जास्त उपयोगी पडेल असं माझं स्पष्ट मत आहे. वजनाने दुप्पट माणूस अंगावर आला तर उभ्याने त्याचा तोल घालवणं चांगल्या काळ्या पट्ट्यालाही जड जातं. पण तो वरून दाबून बसला असताना पाय रोवून कंबर वर उचलणं, त्याचा हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून त्याला त्या बाजूला उलटवणं, नाहीतर कुशीवर होऊन कंबर मागे सरकवत दोघांच्या मध्ये गुडघा घालणं, हे शिकता येतं. या शेवटच्या सरकण्याला आम्ही कोळंबी म्हणतो, जपानी लोकही तेच म्हणतात. मुली हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कोळंबीसारख्या सरकत जातात आणि हसून बेजार होतात. मग त्यांच्यावर त्यांच्याहून जड मुलगी केसा गातामेत, मान आणि हात काखेत घेऊन, बसवायची आणि म्हणायचं, सुट आता.

स्पर्धेत वीस सेकंद दाबून ठेवलं की लढत संपते. पूर्वी तीस लागायचे. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तेव्हा खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या आंतोन खेसिंकने जपानच्या कामिनागाला याच केसा गातामेत तीस सेकंद धरून ठेवलं होतं. निप्पोन बुदोकानमध्ये सन्नाटा पसरला. खेसिंकचे पाठीराखे आनंदाने मॅटवर धावायला लागले, तेव्हा त्याने, अजून खाली बसलेला असतानाच, हात वर करून त्यांना थांबवलं. आधी उठून सलामी, मग आनंद. त्या लढतीत डोळे दिपवणारा थ्रो नाही. जपानला त्यांच्याच घरात हरवलं ते एका होल्डने. हे मी मुलींना सांगते तेव्हा त्यांना पहिल्यांदा जमिनीवरच्या कामाबद्दल आदर वाटायला लागतो.

गळा आवळणं आणि कोपर पिळणं हेही ज्युदोत आहे. चोक नीट लागला तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दबून काही सेकंदांत शुद्ध जाते. जुजी गातामेत कोपर उलटं ताणलं जातं, स्पर्धेत कोपराशिवाय दुसऱ्या कुठल्याही सांध्याला हात लावायला परवानगी नाही. जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना हे दोन्ही प्रकार बंद आहेत. आपल्या बातमीत 'गळ्याची पकड' शिकवल्याचा उल्लेख आहे, आणि शिबिरात चौथीच्या मुलीही होत्या. निदान टॅप करायला तरी शिकवलं होतं का? दोनदा हात आपटला की त्या क्षणी सोडायचं, 'अजून थोडं' नाही. माझ्या वर्गात टॅप झाल्यावर अर्धा सेकंद जास्त धरणाऱ्याला त्या दिवशी बाहेर बसावं लागतं. मुलग्यांनाही आणि मुलींनाही. एकत्र सराव करताना मुलींना कशाने धीर येत असेल तर याने येतो, की आपण हात आपटला आणि समोरच्याने सोडलं.

मॅटबद्दल दोन शब्द. ज्युदोची मॅट साधारण एक मीटर बाय दोन मीटर, चार ते पाच सेंटिमीटर जाड, आत दाबून घट्ट केलेला फोम, वरून न घसरणारं कापड. बाजारात मिळणाऱ्या रंगीत जिगसॉ मॅट दोनेक सेंटिमीटरच्या, त्या कराटेसाठी ठीक. त्यांच्यावर माणूस टाकायचा नसतो. शाळेची सतरंजी म्हणजे मॅट नव्हे, आणि दोन सतरंज्या म्हणजेही नव्हे. आम्ही सुरुवातीला काथ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणून सराव केला आहे, गाद्यांच्या फटीत पायाची बोटं अडकायची. तरी गाद्या होत्या.

खर्च परवडत नाही, असं मुख्याध्यापक मला सांगतात. परवडत नाही हे खरं आहे. मग थ्रो वगळा. ब्रेकफॉल शाळेच्या हिरवळीवर, मातीच्या मैदानावर, अगदी गाद्या घालून वर्गातही शिकवता येतो. पकड सोडवणं, कोळंबी, उलटवणं यांना उंचीवरून पडावं लागत नाही. ओरडायचं कसं, पळायचं केव्हा, घरी येऊन सांगायचं कुणाला, याला तर मॅटही लागत नाही. पाच दिवसांत एवढं होतं आणि उपयोगाचं होतं. फक्त शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करता येणार नाही, आणि गोम तिथेच आहे. पाहुणे हवे, म्हणून प्रात्यक्षिक हवं, म्हणून कुणीतरी हवेत उडायला हवं.

पालकांनी प्रशिक्षकाला चार प्रश्न विचारावेत. तुमचा काळा पट्टा कोणत्या संघटनेचा, प्रमाणपत्र दाखवा. मॅट कसल्या आहेत. पहिला थ्रो किती दिवसांनी. आणि मुलीच्या डोक्याला मार लागला तर काय करता. शेवटच्याचं उत्तर 'बर्फ लावतो' असं आलं तर पोर घरी घेऊन यावं. डोकं आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मॅटवर घ्यायचं नाही, रात्री लक्ष ठेवायचं, आणि उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा दिसला तर सकाळची वाट बघायची नाही, एवढं तरी प्रशिक्षकाला माहीत हवं.

आपल्या वार्ताहरालाही एक विनंती. शिबिराच्या बातम्या जरूर द्याव्यात, मुली खेळायला लागल्या याचा मला आनंदच आहे. १९९२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये मुलींचा ज्युदो पदकांच्या यादीत नव्हता. आम्ही शिकलो तेव्हा हॉलमध्ये मुलग्यांचा सराव संपल्यावर उरलेला वेळ आम्हाला मिळायचा. २०२२ मध्ये मणिपूरची लिंथोई चनंबम सारायेवोत कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, गटाची जगज्जेती झाली, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलींनी पेढे वाटले. पण बातमी लिहिताना मुलींच्या पायाखाली काय आहे ते एकदा बघावं, आणि छापावं.

बातमीच्या शेवटी म्हटलं आहे की शिबिराची पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत सुरू होते. त्या आठवड्यात आमचा वर्ग बंद असतो आणि मॅट भिंतीला लावून ठेवलेल्या असतात. संयोजकांनी न्याव्यात, भाडं नको, फक्त टेम्पोचा खर्च त्यांनी करावा आणि पावसात भिजवून आणू नयेत. पहिले तीन दिवस मी स्वतः येऊन ब्रेकफॉल घ्यायला तयार आहे. ओसोतो गारी मात्र या शिबिरात होणार नाही, हे आधी लेखी हवं.

आपली,
एक ज्युदो प्रशिक्षिका,
नारायण पेठ, पुणे